आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके

पनवेलवरून गोव्याच्या रस्त्याने गेले की आधी पळस्पे लागते, मग शिरढोण. आमच्या कामोठ्यापासून ते काही लांब नाही. या शिरढोणला 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते.

मोठेपणी ते पुण्याला लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत नोकरीला लागले. म्हणजे पगार इंग्रजांचाच. आई आजारी पडली म्हणून त्यांनी रजा मागितली, पण ती वेळेवर मिळाली नाही. आईची भेट काही झाली नाही. मग 1876-77 साली मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली. ते पाहून त्यांनी इंग्रजांशी लढायचे ठरवले. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते शिकलेले होतेच. रामोशी लोकांना बरोबर घेऊन त्यांनी फौज उभी केली. फौजेला पैसा पाहिजे, म्हणून 1879 मध्ये सावकारांचे वाडे लुटले. आपल्या पळस्प्यालासुद्धा दरोडा पडला. त्यांचा सोबती दौलतराव नाईक लढताना मारला गेला.

यंदा पुण्यतिथीला आम्ही हे सगळे शाळेच्या मैदानावर करून दाखवले. सगळ्यांना फडकेच व्हायचे होते, इंग्रज कोणी होईना. गुरुजींनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत मेजर डॅनियल निघाला. मी रडलोच. मला वाटले, निदान जोरात लढाई तरी होईल. पण गुरुजी म्हणाले की जसे घडले तसेच करायचे. जुलै 1879 मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावात फडके तापाने आजारी होते, झोपलेले होते. तसेच त्यांना पकडले. माझी पुठ्ठ्याची तलवार कमरेलाच राहिली. झोपलेल्या माणसाला धरताना मला कसेतरीच वाटले.

पुण्यात खटला झाला. सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. तरी जन्मठेप झाली आणि त्यांना बोटीने एडनला नेले. ते आता येमेन देशात आहे. तिथे त्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उचकटले आणि पळाले! आम्ही दार म्हणून मोडका फळा घेतला होता, तो खरंच पडला. सगळे हसले. पण परक्या मुलखात त्यांना कोण लपवणार? पुन्हा धरले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते तुरुंगातच वारले. तेव्हा ते 37 वर्षांचे होते.

माझी आजी बघायला आली होती. तिने फडके झालेल्या मुलाला आधी शेंगदाण्याचा लाडू दिला. मला मागनं दिला.

— इयत्ता 4 थी