स्वतंत्र भारताच्या पहिल्या सुवर्णपदकाचे कर्णधार : किशनलाल

स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन अवघ्या तीन दिवसांवर आला असताना, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताच्या हॉकी संघाने ग्रेट ब्रिटनचा ४-० असा पराभव करून ऑलिंपिक सुवर्णपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. या विजयी संघाचे नेतृत्व करणारे किशनलाल हे उजव्या बगलेवरून खेळणारे आघाडीचे खेळाडू होते. मध्य भारतातील महू येथे सुरू झालेली त्यांची वाटचाल मुंबईच्या रेल्वे संघात बहरली आणि मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, संपली.

महू ते मुंबई

किशनलाल यांचा जन्म २ फेब्रुवारी १९१७ रोजी महू येथे झाला. होळकरांच्या इंदूरजवळची ही लष्करी छावणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. छावणीमुळे गावात मोकळी मैदाने होती आणि गोऱ्या व देशी पलटणींचे सामने नेहमी पाहावयास मिळत. लहानपणी किशनलाल यांना पोलोचे आकर्षण होते. मात्र त्या खेळासाठी घोडे लागत आणि सामान्य घरातील मुलास ते परवडणारे नव्हते. हॉकीला एक काठी पुरे होती. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून ते हॉकीकडे गांभीर्याने वळले आणि प्रथम महूच्या स्थानिक संघांतून, पुढे इंदूरच्या कल्याणमल मिलकडून व टीकमगढच्या भगवंत क्लबकडून खेळू लागले.

त्या काळी हॉकी हा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. चांगल्या खेळाडूस आधार मिळे तो संस्थानिक, गिरण्या, लष्कर आणि रेल्वे यांचा. १९४१ साली किशनलाल मुंबईच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजेच बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत, दाखल झाले. १९५१ साली स्थापन झालेल्या पश्चिम रेल्वेत ही रेल्वे विलीन झाली. नोकरीची शाश्वती आणि मुंबईतील चुरशीचे सामने यांमुळे त्यांच्या खेळाला स्थैर्य आले.

बगलेवरचा खेळाडू

तेव्हाच्या पद्धतीनुसार हॉकी संघात आघाडीला पाच खेळाडू असत. मध्यभागी सेंटर फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंस आतले फॉरवर्ड आणि कडेला दोन विंगर. यांतील उजव्या विंगरची जागा किशनलाल यांची होती. मैदानाच्या कडेने वेगाने चेंडू नेणे, प्रतिस्पर्ध्यांच्या हाफबॅकला चकवणे आणि योग्य क्षणी चेंडू गोलपुढील वर्तुळात सहकाऱ्याकडे धाडणे, हे विंगरचे काम. गोलांची नोंद बहुधा मधल्या खेळाडूंच्या नावावर होते. तो गोल घडविणारा कडेचा खेळाडू धावफलकावर दिसत नाही. किशनलाल यांनी नाव कमावले ते अशा पडद्याआडच्या भूमिकेत.

हरवलेली वर्षे

भारताने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन सुवर्णपदके जिंकली होती. किशनलाल ऐन उमेदीत आले तेव्हा मात्र दुसरे महायुद्ध पेटले. १९४० आणि १९४४ च्या ऑलिंपिक स्पर्धा रद्द झाल्या. तेविसाव्या आणि सत्ताविसाव्या वर्षी मिळू शकणाऱ्या दोन्ही संधी अशा रीतीने हातच्या गेल्या. या पिढीतील अनेक गुणी खेळाडूंची कारकीर्द ऑलिंपिकविना संपली. १९४७ साली ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात किशनलाल यांचा समावेश होता. पुढच्याच वर्षी कर्णधारपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. पहिले ऑलिंपिक हेच बहुधा अखेरचे, हे उघड होते.

फाळणीची झळ

फाळणीने देशाप्रमाणेच हॉकी संघाचेही दोन तुकडे केले. हॉकीचा बालेकिल्ला असलेला पंजाब विभागला गेला. १९३६ साली बर्लिनमध्ये भारताकडून सुवर्णपदक जिंकणारे अली इक्तिदार शाह दारा १९४८ साली पाकिस्तानचे कर्णधार म्हणून लंडनला आले. भारताला जवळजवळ नव्याने संघ बांधावा लागला. मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस आणि रेजिनाल्ड रॉड्रिग्ज या संघात होते. मद्रासचे गोलरक्षक रंगनाथन फ्रान्सिस, बंगालकडून खेळणारे लेस्ली क्लॉडियस, संयुक्त प्रांताचे के. डी. सिंग 'बाबू' आणि पंजाबचे बलबीर सिंग हेही त्यात होते. उपकर्णधारपद 'बाबू' यांच्याकडे होते. निरनिराळ्या भाषा, धर्म आणि प्रांत यांतून आलेल्या या खेळाडूंना एकत्र बांधण्याची जबाबदारी किशनलाल यांच्यावर होती.

वेम्बलीचा चिखल

साखळी सामन्यांत भारताने ऑस्ट्रियाला ८-०, अर्जेंटिनाला ९-१ आणि स्पेनला २-० असे नमविले. उपांत्य फेरीत नेदरलँड्सने कडवी झुंज दिली. भारताने तो सामना २-१ असा जिंकला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात ब्रिटनने पाकिस्तानला हरविले.

ब्रिटनने १९२० नंतर ऑलिंपिक हॉकीत भागच घेतला नव्हता. त्यामुळे भारताची पूर्वीची तीन सुवर्णपदके ब्रिटनशी गाठ न पडताच मिळाली होती. आता कालपर्यंतचे राज्यकर्ते आणि नुकतेच स्वतंत्र झालेले राष्ट्र प्रथमच ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले, आणि तेही राज्यकर्त्यांच्या राजधानीत.

पावसाने वेम्बलीचे गवत जड झाले होते. कोरड्या, टणक मैदानावर काठीला चिकटल्यागत चेंडू खेळविणाऱ्या भारतीयांना हे मैदान प्रतिकूल होते. वेगावर विसंबून असणाऱ्या विंगरची तर त्यात अधिकच अडचण होई. निसरड्या मैदानावर पाय रोवता यावेत म्हणून किशनलाल आणि 'बाबू' यांनी बूट काढून अनवाणी खेळ केला, असे सांगितले जाते. बलबीर सिंग यांनी पूर्वार्धातच दोन गोल केले. उत्तरार्धात त्रिलोचन सिंग आणि पॅट जॅन्सन यांनी एकेक गोलाची भर घातली. ब्रिटनला एकही गोल करता आला नाही. संपूर्ण स्पर्धेत भारताने २५ गोल केले आणि स्वीकारले अवघे दोन. वेम्बलीवर तिरंगा वर चढला आणि भारताचे राष्ट्रगीत वाजले, तेव्हा विजेत्या संघाच्या अग्रभागी किशनलाल होते.

प्रशिक्षक आणि अखेर

ऑलिंपिकमध्ये किशनलाल पुन्हा खेळले नाहीत. १९५२ साली हेलसिंकीत कर्णधारपद 'बाबू' यांनी सांभाळले आणि भारताने सुवर्णपदक राखले. किशनलाल यांनी आपला अनुभव रेल्वेच्या खेळाडूंना घडविण्याच्या कामी लावला. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. त्याच वर्षी बँकॉक येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे कर्णधार होते गोलरक्षक शंकर लक्ष्मण, तेही महूचेच.

हॉकी स्पर्धेच्या निमित्ताने मद्रासला गेले असता २२ जून १९८० रोजी किशनलाल यांचे तेथे निधन झाले. ते ६३ वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, २९ जुलै रोजी, भारताने मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असे हरवून आठवे सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे कर्णधार वासुदेवन भास्करन मद्रासच्याच मैदानांवर घडले होते. तो विजय पाहणे किशनलाल यांच्या नशिबी नव्हते.

२०१८ साली आलेल्या 'गोल्ड' या हिंदी चित्रपटामुळे १९४८ च्या विजयाची कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचली. मात्र त्यातील पात्रे कल्पित असल्याने खऱ्या कर्णधाराचे नाव अनेकांना अपरिचितच राहिले. युद्धाने उमेदीची वर्षे हिरावली आणि फाळणीने सहकारी दुरावले, तरी मिळालेल्या एकमेव संधीत किशनलाल यांनी देशाला दिलेले यश भारतीय क्रीडा इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे.