डिझेल : नाव इंधनाचे, आयुष्य एका अभियंत्याचे

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघालेली लाँच असो, की रेवसच्या खाडीतून मासेमारीसाठी बाहेर पडणारी यांत्रिक नौका असो. तिच्या पोटात धडधडणाऱ्या इंजिनाचे आणि टाकीतील इंधनाचे नाव एकच आहे. नाखवा ज्या डिझेलचा हिशेब रोज मांडतो, ते मुळात एका माणसाचे आडनाव होते याची आठवण आता फारशी कुणाला राहिलेली नाही. विशेष म्हणजे त्या माणसाने घडविलेले इंजिन खनिज तेलाशी कायमचे बांधले जावे, असे त्याच्या मनातही नव्हते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत शीतकरणशास्त्राचे थोर अभ्यासक कार्ल फॉन लिंडे हे त्यांना गुरू म्हणून लाभले. १८८० मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या व्यवसायात नोकरी धरली.

त्या काळात कारखाने वाफेवर चालत. मात्र जाळलेल्या कोळशातील जेमतेम दहावा हिस्सा उष्णता कामी येई. उरलेली धुराड्यातून वाया जाई. शिवाय वाफेचे अवजड यंत्र बड्या भांडवलदारालाच परवडे. लहान कारागिरालाही आपल्या कार्यशाळेत ठेवता येईल असे काटकसरी यंत्र हवे, या ध्यासाने डिझेल यांना पछाडले.

त्यांची कल्पना साधी, पण धाडसी होती. हवा झपाट्याने दाबली की ती तापते. ती इतकी दाबावी की आत सोडलेले इंधन ठिणगीविना आपोआप पेटावे. १८९३ मध्ये त्यांना या कल्पनेचे पेटंट मिळाले. कोळशाची भुकटीही इंधन म्हणून वापरता येईल, असा त्यांचा आरंभीचा विचार होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात झालेल्या पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरणच उडाले. तरीही डिझेल खचले नाहीत. फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी लावून दाखविली आणि युरोपातील उद्योगजगत चकित झाले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात आणखी एक नवल घडले. तेथे मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले. आफ्रिकेतील वसाहतींमध्ये भुईमूग मुबलक पिकत असल्याने तेथील यंत्रांना स्थानिक इंधन मिळावे, ही फ्रेंच सरकारची इच्छा त्यामागे होती. खुद्द डिझेल यांनी पुढे वनस्पती तेलांवर प्रयोग केले आणि अशा तेलांना एक दिवस महत्त्व येईल, असे मत १९१२ च्या सुमारास जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनाचे जहाज कोपनहेगनहून पूर्वेकडील सागरी सफरीवर निघाले होते.

यश मोठे होते. पण पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि फसलेली गुंतवणूक यांनी डिझेल कर्जाच्या खाईत गेले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात आढळलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू त्यांच्या असल्याचे मुलाने ओळखले. ती आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निर्णायक उलगडा कधीच झाला नाही.

त्यांच्यानंतर स्वस्त खनिज तेलाने बाजार काबीज केला आणि इंजिने त्याच तेलाला अनुरूप घडविली जाऊ लागली. घट्ट वनस्पती तेल थेट वापरल्यास आजच्या इंजिनाचे पिचकारीसारखे फवारे तुंबतात. त्यावर १९३७ मध्ये बेल्जियममध्ये उपाय नोंदला गेला. तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढले की तेल पातळ होते. हेच आजचे जैवडिझेल.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. जैवडिझेल मात्र फार मागे राहिले. कारण उघड आहे. खाद्यतेलही आपण निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. तेव्हा भुईमुगाचे तेल टाकीत ओतणे परवडणारे नाही. म्हणूनच करंज आणि उंडी यांसारखी अखाद्य तेले आणि तळणानंतर उरलेले तेल यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळले आहे. उंडीचे तेल तर कोकणाला परके नाही. दिव्यात जाळण्यासाठी आणि होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठी ते पूर्वापार वापरले गेले.

इंधनाचा भाव वाढला की मच्छीमाराच्या फेरीचे गणित कोसळते. मासळी मिळो न मिळो, टाकी भरावीच लागते. आपल्या परिसरात पिकणाऱ्या तेलावर यंत्र चालावे, हा डिझेल यांचा विचार किनाऱ्यावरच्या माणसासाठी म्हणूनच जुना झालेला नाही. इंजिन त्यांनी दिले; त्याला पुरेल इतके देशी तेल परवडणाऱ्या दरात उभे करण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.