कोर्टाचा हुकूम कॅमेऱ्यांसमोर फाडला अन् बारा दिवस न्यूयॉर्क बंद ठेवलं..

१ जानेवारी १९६६. पहाटेचे पाच वाजले होते. नवीन वर्षाचं सेलिब्रेशन आटोपून लोक घरी परतत होते आणि न्यूयॉर्कमधली सबवे अन् सरकारी बस एकदमच बंद झाल्या. नेमका त्याच दिवशी जॉन लिंडसे नावाचा तरुण महापौर कामाला लागत होता. पहिल्याच दिवशी त्याचं शहर पायी चालायला लागलं.

हे घडवून आणणारा माणूस साठीचा होता. काठी टेकत चालायचा, हृदयविकारानं आधीच गाठलं होतं. नाव माईक क्विल.

क्विलचा जन्म १९०५ चा, आयर्लंडच्या केरी भागातल्या एका शेतकरी घरातला. आयर्लंड इंग्रजांविरुद्ध लढत होतं तेव्हा हा पोरगा क्रांतिकारकांचे निरोप पोहोचवायचा. पुढं १९२६ मध्ये पोटापाण्यासाठी त्यानं न्यूयॉर्क गाठलं.

तिथं सबवेमध्ये आयरिश पोरांचा मोठा भरणा होता. क्विललाही एका खासगी सबवे कंपनीत काम मिळालं. रोज रात्रीची बारा तासांची ड्युटी, आठवड्याचे सातही दिवस. म्हणजे आठवड्याला ८४ तास. वर युनियनचं नाव काढलं तर नोकरी जाणार हे ठरलेलं, कारण कंपनीचे खबरे कामगारांमध्येच फिरायचे.

पण तिकीट खिडकीवर बदली म्हणून क्विलला वेगवेगळ्या स्टेशनांवर पाठवलं जायचं. त्यामुळं त्याच्या ओळखी वाढत गेल्या. १९३४ मध्ये त्यानं आणि त्याच्या काही साथीदारांनी गुपचूप बैठका घेऊन ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन उभी केली. यात आयर्लंडचे जुने क्रांतिकारक होते आणि कम्युनिस्टही होते.

जानेवारी १९३७ मध्ये ब्रुकलिनच्या एका वीजघरातून युनियनचं काम करणाऱ्यांना काढून टाकण्यात आलं. हे वीजघर सबवेला वीज पुरवायचं. कामगारांनी आतच ठिय्या मांडला. वीज गेली तर गाड्या थांबणार, म्हणून कंपनीनं माघार घेतली. काढलेले लोक परत कामावर आले आणि युनियनमध्ये लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी क्विल नगर परिषदेवरही निवडून गेला.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. १९४० मध्ये शहरानं या खासगी कंपन्या विकत घेतल्या. म्हणजे आता मालक सरकार झालं. त्यात सबवेचं तिकीट १९०४ पासून होतं पाच सेंट. युद्धानंतर महागाई वाढली तरी तिकीट तेवढंच, कारण ते वाढवलं की मतदार चिडणार याची प्रत्येक पुढाऱ्याला भीती. मग पगारवाढीचे पैसे आणायचे कुठून?

सुरुवातीला क्विल स्वतः पाच सेंटच्या बाजूचा होता. प्रवासीही कष्टकरीच आहेत, त्यांच्या खिशाला हात नको, असं कम्युनिस्टांचं म्हणणं होतं. पण स्वस्त तिकिटाची किंमत आपलेच कामगार कमी पगारात मोजतायत हे क्विलच्या लक्षात आलं. १९४८ मध्ये त्यानं भाडेवाढीला पाठिंबा दिला. तिकीट दहा सेंट झालं आणि कामगारांचे पगार वाढले. पण ज्यांच्यासोबत युनियन उभी केली त्या कम्युनिस्टांशी त्याचं कायमचं फाटलं. त्यानं त्यांना युनियनच्या नेतृत्वातून बाहेर काढलं. जुन्या दोस्तांच्या लेखी तो गद्दार ठरला.

पुढची बरीच वर्षं संपाची धमकी द्यायची आणि शेवटच्या क्षणी महापौरांशी तडजोड करायची, असं त्याचं गणित चाललं. ते बिघडलं लिंडसे आल्यावर. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाला कायद्यानं बंदी होती. कोर्टानंही संपाविरुद्ध मनाई हुकूम काढला. क्विलनं तो कागद कॅमेऱ्यांसमोर फाडला. संप सुरू झाला आणि ४ जानेवारीला त्याला अटक झाली. तुरुंगात काही तासांतच तो कोसळला आणि त्याला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं.

संप मात्र चालूच राहिला. १३ जानेवारीला तोडगा निघाला. भरघोस पगारवाढ आणि चांगली पेन्शन कामगारांच्या पदरात पडली. क्विल हॉस्पिटलमधून बाहेर आला आणि २८ जानेवारीला त्यानं शेवटचा श्वास घेतला. जिंकल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

या विजयाचं बिल लगेच आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सबवेचं तिकीट १५ वरून २० सेंट झालं. १९६७ मध्ये राज्यानं टेलर कायदा आणला. त्यानं सरकारी कर्मचाऱ्यांना वाटाघाटीचा हक्क दिला, पण संप केला तर युनियनला दंड ठोठावायची सोय केली. २००५ मध्ये याच युनियनच्या न्यूयॉर्क शाखेनं तीन दिवसांचा संप केला, तेव्हा तिला २५ लाख डॉलरचा दंड बसला.

तिकिटाच्या पैशात सगळं भागत नाही हे सरकारलाही कळून चुकलं होतं. १९६८ मध्ये सबवे आणि शहरातले टोलवाले पूल एकाच संस्थेखाली आणले गेले. पुलांवरून गाडी घेऊन जाणाऱ्यांच्या टोलमधून उरणारा पैसा सबवे अन् बसकडे वळायला लागला. प्रवासी की कामगार, या दोघांच्या पलीकडे पैसे देणारा तिसराही असू शकतो, हे तेव्हा ठरलं. क्विल मात्र ते बघायला उरला नव्हता.