उपेक्षेच्या पडद्याआड गेलेला चित्रमहर्षी

भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान ज्यांच्या नावाने दिला जातो, त्या दादासाहेब फाळके यांचे अखेरचे दिवस मात्र सन्मानाचे नव्हते. सुमारे ९५ चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. एवढे प्रचंड काम करणारा हा माणूस १९४४ साली नाशिकमध्ये निवर्तला, तेव्हा त्याने जन्माला घातलेला धंदा कोट्यवधींची उलाढाल करू लागला होता आणि त्या धंद्यात त्याचा वाटा जवळजवळ शून्य होता. असे का घडले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाची संधी मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. घरी शास्त्राध्ययनाची परंपरा असली तरी धुंडिराजाचा ओढा रेषा आणि रंगांकडे होता. १८८५ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रण आणि छपाईची विविध तंत्रे त्यांनी आत्मसात केली. जादूचे प्रयोगही शिकून घेतले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते खेळ करू लागले.

गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडला असताना प्लेगने त्यांची पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. सासरी सरस्वती हे नाव मिळालेल्या या पत्नीचा उल्लेख भारतीय चित्रपटाच्या इतिहासात पहिल्या पानावरच व्हायला हवा. पुरातत्त्व खात्यातील सरकारी नोकरी फाळके यांनी स्वदेशी चळवळीच्या वातावरणात सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछपाईचे कामही त्यांनी केले. यंत्रसामग्रीसाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसले आणि आपणच नावारूपाला आणलेल्या छापखान्यातून ते बाहेर पडले. भागीदारांशी न जमणे हा त्यांच्या आयुष्याचा पुढेही स्थायीभाव राहिला.

वयाची चाळिशी उलटल्यावर मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक परदेशी चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना फाळके यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. मग दिवसरात्र चित्रपट पाहणे, हाती येईल ती पुस्तके वाचणे आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर प्रयोग करणे सुरू झाले. या ध्यासापायी त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती उपचारांनी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीगृहात त्यांनी सारी प्रक्रिया जवळून पाहिली आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परतले.

भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीचा एक लघुपट तयार केला. दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण करून महिन्याभराची वाढ त्यांनी मिनिटा-दोन मिनिटांत दाखवली. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. दादरच्या राहत्या जागेतच चित्रनिर्मितीगृह उभे राहिले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. नाटकांतून पुरुष स्त्रीपार्ट करीतच, पण कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास गणिकाही तयार नव्हत्या. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही उरकत.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ तेथेच प्रदर्शित झाला होता. त्यामुळे पहिलेपणाचा वाद अधूनमधून उद्भवतो. तथापि ‘पुंडलिक’ हे मुख्यतः रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. पटकथा, कलावंतांची तयारी, चित्रण, फिल्म धुणे आणि संकलन ही सारी साखळी या देशात, या देशातील माणसांच्या हातांनी जोडली ती फाळके यांनी.

पाठोपाठ आलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या आणि स्त्रियांसाठी बंद असलेले ते दार उघडले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटाला लोटलेली गर्दी आणि जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याच्या कथा पुढे दंतकथा बनल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. हनुमानाचे उड्डाण असो वा कालियाशी पाण्यातली झुंज, त्यामागे जादूगार केल्फाच उभा होता.

मात्र यशाबरोबर भागीदारही आले. १९१८ साली मुंबईच्या धनिकांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके यांना कामात सैलपणा खपत नसे आणि खर्चाचा हिशेब त्यांना जाच वाटे. भागीदारांची दृष्टी अर्थातच खतावणीवर होती. काही काळातच फाळके बाहेर पडले आणि सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले, पण मालक म्हणून नव्हे. १९३१ साली ‘आलमआरा’ने पडद्याला वाणी दिली आणि मूकपटांचे युग संपले. त्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट नंतर ध्वनी जोडून दाखवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते आणि प्रेक्षकांची अभिरुची पार बदललेली होती.

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांची या ठिकाणी आठवण येणे अपरिहार्य आहे. तेही मूळचे जादूगार. पाचशेहून अधिक चित्रपट त्यांनी केले आणि अखेर कर्जबाजारी होऊन पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळणी विकली. ज्या सुमारास त्यांची चित्रनिर्मिती थांबली, त्याच सुमारास फाळके यांची सुरू झाली. दोघांनीही नवी कला घडवली, पण ती धंदा होताच तिची सूत्रे भांडवल पुरवणाऱ्यांच्या हाती गेली. एक फरक मात्र आहे. मेलिएस यांना हयातीतच पुन्हा मानाचे स्थान मिळाले आणि त्यांचे दोनशेवर चित्रपट शोधून काढले गेले. फाळके यांच्या चित्रपटांपैकी मोजकेच अवशेष उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज पाहायला मिळतात, तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके यांनी जगाचा निरोप घेतला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हायला त्यानंतर वीस वर्षे लागली. १९६९ साली केंद्र सरकारने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान देविकाराणी यांना मिळाला. दादरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. नाव जपण्यात आपण कसूर केली नाही. काम जपण्यात मात्र केली, आणि ते काम आता परत मिळणारे नाही.

तरीही जे उरले त्याची ताकद थोडी नाही. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावातील मुलालाही आज ‘कालियामर्दन’ मोबाइलच्या पडद्यावर पाहता येतो. पाण्यात उडी घेणारी मंदाकिनी पाहून त्याला कुणी कथा समजावून सांगावी लागत नाही. आपल्या माणसांना आपलीच चित्रे दिसावीत, एवढ्यासाठी विम्याच्या पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवणाऱ्या माणसाने मागे ठेवलेली खरी मिळकत ती हीच.