पाय कापू न देणारी आजी आणि वेडा चार्ली : अँजिओप्लास्टीची सुरुवात हृदयापासून नाही, पायापासून झाली

पर्वतीच्या पायऱ्या चढताना पोटरी दुखते, दोन मिनिटं टेकलं की थांबते, पुन्हा चढायला लागलं की पुन्हा दुखते. घरातल्या मोठ्यांना असं झालं की आपण वय झालं म्हणून सोडून देतो. पण पायाची रक्तवाहिनी आतून चरबी साचून अरुंद झाली तरी अगदी असंच होतं. आज पुण्यात अशी वाहिनी बारीक नळी घालून, मोठी चिरफाड न करता मोकळी करता येते. याची सुरुवात केली चार्ल्स डॉटर या अमेरिकन डॉक्टरांनी.

डॉटर यांचा जन्म १९२० चा, बोस्टनमधला. वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते ओरेगनच्या मेडिकल स्कूलमध्ये रेडिओलॉजीचे विभागप्रमुख झाले. तेव्हा रेडिओलॉजिस्टचं काम एकच होतं, एक्स-रे काढून अडथळा कुठे आहे ते दाखवायचं. पुढचं सगळं सर्जन बघायचे.

१९६३ साली तपासणी करताना डॉटर यांची नळी चुकून एका बंद वाहिनीतून आरपार गेली आणि वाहिनी मोकळी झाली. चुकून होतं, तर मुद्दाम का नाही करायचं, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला.

संधी मिळाली १६ जानेवारी १९६४ ला. ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाच्या बोटांना गँगरीन झालं होतं. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर सांगत होते आणि आजी काही केल्या तयार नव्हत्या. डॉटर यांनी मांडीच्या वाहिनीत बारीक तार सरकवली आणि तिच्यावरून आधी बारीक, मग जाड नळी घालून अडथळा रुंद केला. थंड पडलेला पाय गरम झाला, जखमा भरल्या. आजी शेवटपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या.

तरीही अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी त्यांना वेडा चार्ली ठरवलं. एका सर्जनने तर पेशंट पाठवताना, फक्त फोटो काढा, दुरुस्ती करू नका, अशी ताकीदच लिहून दिली. डॉटर थांबले नाहीत. गिटारच्या तारा, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल, जे हाताला लागेल त्यातून ते अवजारं बनवत राहिले.

युरोपातल्या डॉक्टरांनी मात्र ही पद्धत उचलली. तिथेच ती शिकलेल्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीला फुगा जोडला. १९७४ मध्ये तो पायाच्या वाहिनीत आणि १९७७ मध्ये झुरिचला हृदयाच्या वाहिनीत वापरला. आज घराघरात माहीत असलेली अँजिओप्लास्टी ती हीच.

स्वतः कॅन्सर आणि हृदयाच्या आजाराशी झगडत डोंगर चढणारे डॉटर १९८५ मध्ये गेले.

प्रत्येक अडथळ्याला नळी लागतेच असं नाही. तंबाखू-सिगारेट सोडणं, साखर ताब्यात ठेवणं, औषधं आणि नियमित चालणं यांनी अनेकांचं भागतं. पण चालताना पोटरी दुखत असेल किंवा पायाची जखम भरत नसेल, तर वयावर ढकलू नका. दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून तुलना करण्याची साधी तपासणी असते. ती वेळेत झाली, तर पाय कापण्याची वेळ टळू शकते.