श्रीगोविंदप्रभू आणि 'लीळा' शब्दाचा अर्थ

व्यवहारात 'लीलया' म्हणजे अनायासे, कष्टावाचून. उलट एखाद्याच्या खोड्यांना उपहासाने त्याच्या 'लीला' म्हटले जाते. महानुभाव वाङ्मयातील 'लीळा' या दोहोंहून निराळी आहे. तिचा अर्थ श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात जसा उलगडतो, तसा अन्यत्र क्वचितच उलगडतो.

वऱ्हाडात ऋद्धपुरानजीक काटसुरे ग्रामी, काण्व ब्राह्मण कुळात, अनंतनायक व नेमाइसे यांच्या पोटी प्रभूंनी अवतार स्वीकारला. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपल्यावर आप्तांनी ऋद्धपुरास त्यांचे पालन केले. पुढे द्वारावतीस, हाती सूप व खराटा घेऊन रस्ते झाडणाऱ्या श्रीचक्रपाणी प्रभूंपासून त्यांनी शक्तिस्वीकार केला आणि ते ऋद्धपुरास परतले. त्यानंतर त्यांचे वास्तव्य मुख्यत्वे तेथेच झाले.

तेथील त्यांचे वर्तन लोकरीतीत बसणारे नव्हते. ते मुलांत मूल होऊन खेळत, कोणाच्याही घरी शिरून अन्न मागत, क्षणात रागावत व क्षणात हसत. गावाने त्यांना वेडे म्हटले. आणि संकट आले की त्याच गावाने त्यांच्याकडेच धाव घेतली. मातंगांच्या घरी जाऊन ते जेवीत. पाण्यावाचून व्याकुळ झालेल्या त्या वस्तीची विनवणी त्यांनी स्वीकारली, असे परंपरा सांगते. सोवळ्याओवळ्याची भिंत त्यांनी वाद घालून पाडली नाही. ती जणू नव्हतीच, अशा रीतीने ते तिच्यातून गेले.

रामयात्रेच्या निमित्ताने निघालेले सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी ऋद्धपुरी आले, तेव्हा प्रभूंनी रांधवणहाटात त्यांना सेंगुळे दिले. पाहणाऱ्यास तो पोरखेळ वाटला असता. पण त्या प्रसादातून शक्तिप्रदान घडले. उत्तरकाळी प्रभूंनी आपल्या विवाहाचा खेळ मांडविला. त्या प्रसंगी महदाइसेने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गायिले आणि मराठीला आद्य कवयित्रीचे काव्य लाभले.

येथे शब्दाचा निर्णय होतो. जीवाचा खेळ उणिवेतून उपजतो. त्याला विरंगुळा हवा असतो, जय हवा असतो, कोणी पाहावे असेही वाटत असते. म्हणून तो शेवटी थकतो. परमेश्वर पूर्ण आहे. त्याला खेळातून काही मिळवावयाचे नाही. जी कृती स्वतःच्या प्रयोजनावाचून, केवळ जीवांवरील कृपेने घडते, ती लीळा. ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ साली या चरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकात त्यांनी 'कृत्ये' या अर्थाचा शब्द योजिला. त्यात गांभीर्य राखले गेले, परंतु खेळाची छटा मावळली. 'खेळकरपणा' म्हणावे तर छटा राहते आणि कृपा सुटते. 'लीळा' शब्दात दोन्ही एकत्र नांदतात.

सुमारे १२७४ मध्ये स्वामींचे उत्तरापंथे गमन झाल्यावर श्रीनागदेवाचार्य व इतर शिष्यांनी ऋद्धपुरी प्रभूंची सेवा केली. प्रभूंनी देह ठेवल्यावर म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून एकेक प्रसंग मिळवून सुमारे १२८८ मध्ये हे चरित्र सिद्ध केले. म्हाइंभट शास्त्रनिपुण पंडित होते. विचित्र भासणारे प्रसंग वगळून संभावित चरित्र लिहिणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. जे घडले ते, कोणत्या गावी व कोणासमोर घडले त्यासह नोंदविले.

या निष्ठेतून साधकाला दोन मर्यादा कळतात. लीळा ऐकताना संकोचाने तिला सारवून घेऊ नये. तसेच आपल्या चंचलतेला लीळा म्हणून आचारातून सूटही घेऊ नये. प्रभूंनी बंधने मोडली ती ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते त्यांच्यासाठी. साधक ती मोडतो तेव्हा बहुधा स्वतःच्या सोयीसाठी. म्हणून लीळेचे स्मरण करावे. अनुकरण करावे ते विहित आचाराचे.