बहिणाबाई : शेतात राबणाऱ्या आईची गोष्ट



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा मंडळाचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण कवयित्री बहिणाबाई चौधरींचे चरित्र माझ्या मनात घर करून आहे, तेच सांगते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झाले. काशी, ओंकार व सोपान ही मुले झाली. तिशीत वैधव्य आले. ओंकारला तर प्लेगने जन्माचे अपंगत्व दिले.

पेरणी, निंदणी, कापणी बाईने करावी. पण धान्य किती विकायचे, घरात किती ठेवायचे, हे पुरुषांनी ठरवावे, अशी तेव्हाची रीत. एकत्र कुटुंबातल्या विधवेला कायद्याने पोटगीपुरताच हक्क असे. वारशाच्या जमिनीची पूर्ण मालकी हिंदू स्त्रीला १९५६ च्या कायद्याने मिळाली. बहिणाबाई त्याआधीच, ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या होत्या.

तरी त्यांनी धीर सोडला नाही. त्या शेतात राबल्या, दळताकांडता गाणी रचली, मुलांना वाढवले. सोपान लिहायला-वाचायला शिकला, पुढे कवी सोपानदेव म्हणून नावारूपास आला. आईची गाणी त्याने आणि मावसभाऊ पितांबर यांनी उतरवून घेतली. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. लेकराला अक्षर आले म्हणून आईचा शब्द टिकला! शाळेत न गेलेल्या या माउलीचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले.

माझ्या माहेरीही शेतीच. कापसाचा पैसा पुरुषांच्या हाती जाई. आईकडे दुधाचे चार पैसे उरत. आमची पाटी-पुस्तके, आजारपणातले औषध त्यातूनच होई. बाईच्या हातचा पैसा आधी लेकराच्या तोंडी जातो, हे आपण सर्वजणी जाणतो.

मग मला वाटते, घरच्या कारभारात बाईचा शब्द चालायला तिच्या कपाळीचे कुंकू का पुसावे लागावे? धनी जवळ असतानाच पिकाचा हिशेब दोघांनी मिळून करावा, सातबाऱ्यावर तिचेही नाव लागावे. ही गोष्ट आज रात्री जेवताना आपापल्या घरी काढावी, एवढीच माझी विनंती.